व्हिला तोर्साना, मुक्काम यिशुन

मित्रांनो, मी एक जुना इटालियन व्हिला आहे. आता तुम्ही माझ्याकडे वाकून बघाल आणि हसाल, कारण माझी उंची तुमच्या गुडघ्याइतकी आहे आणि मी सिंगापूरच्या उत्तर टोकाला, यिशुनमधल्या एका फ्लॅटमध्ये, बुटांच्या कपाटावर उभा आहे. हसा. मला त्याची सवय आहे. माणसांबद्दल माझं मत आधीच फारसं बरं नाही, तुमच्या हसण्यानं त्यात काही फरक पडणार नाही. आजवर दोन घरांत राहिलो. एका घराला फक्त माझा चेहरा हवा होता आणि दुसऱ्याला फक्त माझी पाठ. अख्खा मी कुणालाच नको होतो, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांच्यातलं कुणी अख्खं आवडलं नाही.

खरा मी तिकडे आहे, इटलीच्या उत्तरेला, सपाट शेतांच्या मधोमध. मी त्याची लाकडी प्रतिकृती. पण प्रतिकृतीलाही मूळ घराचा माज असतो, तो माझ्यात भरपूर आहे, म्हणून आधी तिथली गोष्ट ऐका.

तोर्साना नावाचं एक घराणं व्हेनिसमध्ये राहायचं. जहाजांवरून मसाले आणून ते गब्बर झालं होतं. पुढे समुद्रावरचा धंदा बसू लागला, तेव्हा त्यांनी आतल्या मुलखात दलदलीची जमीन घेतली, चर खणून तिच्यातलं पाणी काढलं आणि मका लावला. शेतावर माणसं राबत असताना त्यांच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं, आणि लक्ष ठेवणाऱ्याला घर हवं, म्हणून साडेचारशे वर्षांपूर्वी त्यांनी मला बांधलं. लोक समजतात की मी हवा खायला बांधलेला बंगला आहे. छे. मी मुकादम आहे. माझ्या खिडक्यांतून चारही दिशांना शेत दिसतं, ते काही सूर्यास्त बघण्यासाठी नव्हे.

पुढून बघाल तर मी देऊळ वाटेन. रुंद पायऱ्या, पायऱ्यांच्या वर सहा उंच खांब, खांबांवर त्रिकोणी माथा आणि त्या माथ्यावर घराण्याचं चिन्ह. खांब दगडी वाटतात, पण ते दगडी नाहीत. आत साध्या विटा आहेत, वर चुन्याचा गिलावा, आणि गिलाव्यावर दगडाचे सांधे असावेत तशा रेघा ओढलेल्या. आत मधोमध एक उंच दालन आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना अगदी सारख्या मापाच्या खोल्या. डावीकडे दार असेल तर उजवीकडेही दार. जिथे दाराची गरज नव्हती तिथे भिंतीवर ते रंगवून टाकलं, कारण दोन बाजू जुळल्या नाहीत तर मालकाला चैन पडत नसे. घराच्या दोन्ही हातांना कमानींच्या लांब पडव्या, त्यांत गाड्या, बैल आणि नांगर. तळघरात स्वयंपाक आणि दारूची पिंपं.

आणि सगळ्यात वर, छपराखाली, धान्याचं कोठार. खालची जमीन ओली, म्हणून धान्य वर ठेवायचं. मालक ज्या खोलीत झोपायचा तिच्या डोक्यावर मक्याची पोती रचलेली असायची. आता ती पोती वर कशी जायची? पुढच्या देखण्या पायऱ्यांवरून नक्कीच नाही. मागच्या बाजूला एक अरुंद, काळोखा जिना होता. तोर्साना घराण्याच्या चित्रांत तो कुठेही काढलेला नाही.

पुढे घराणं पत्त्यांच्या डावात बुडालं. फ्रेंच फौज आली आणि तिनं मधल्या दालनात घोडे बांधले. मग कोठारात रेशमाचे किडे पाळले गेले, मग युद्धातले जखमी शिपाई ठेवले गेले, मग बरीच वर्षं फक्त कबुतरं होती. आता तिथे लग्नं लागतात. नवऱ्या मुली पुढच्या पायऱ्यांवर उभ्या राहून फोटो काढतात आणि मागचा जिना कुलूपबंद असतो.

त्या कुलपाची किल्ली एका माणसाच्या हाती आली आणि माझा जन्म झाला. त्या माणसाचं नाव रत्नदीप. परभणीकडच्या एका खेड्यातला, शिकून बांधकामाचा इंजिनिअर झालेला आणि सिंगापुरात स्थिरावलेला. भूकंपाच्या धक्क्यानं माझ्या मूळ घराच्या तुळया हलल्या होत्या. त्या बांधून घ्यायच्या कामावर त्याच्या कंपनीनं त्याला काही महिने इटलीला पाठवलं होतं. मापं घेताना त्याला एक गोष्ट दिसली. पुढच्या पायऱ्यांच्या कडा अजून धारदार होत्या. मागच्या जिन्याच्या पायऱ्या मात्र मधोमध वाटीसारख्या झिजल्या होत्या. बरोबरचे लोक जेवायला गेले तरी हा तिथेच बसून राहिला आणि त्या खळग्यांवरून हात फिरवत राहिला.

त्याचं कारण त्याची आई. कौशाबाई गावातल्या एका बागायतदाराकडे कामाला होती. सुगीच्या दिवसांत त्याच्या माडीवर धान्य चढवायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पोतं आणि माडीला मागून जिना. मित्रांनो, चुंबळ म्हणजे जुन्या लुगड्याची गोल गुंडाळी, ओझं टाळूला रुतू नये म्हणून डोक्यावर ठेवतात. तुमच्यापैकी कितीजणांनी ती पाहिली आहे कोण जाणे. पुढच्या ओसरीवर पाय ठेवायची तिला मुभा नव्हती. लहानगा रत्नदीप जिन्याखाली उभा राहून ती उतरायची वाट बघायचा. त्या आईनं त्याला शिकवलं, आणि शिकलेला मुलगा इटलीच्या एका जिन्यात बसून रडला. मी तेव्हा नव्हतो, पण त्यानं हे अंजलीला सांगितलं तेव्हा मी अर्धा तयार होतो, म्हणून मला माहीत आहे.

अंजली त्याची बायको. सिंगापूरच्याच नोव्हेना भागात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती दिवसभर लोकांचं रक्त तपासते, आणि संध्याकाळी घरी आली की मला बघून तिचं स्वतःचं उसळायचं. कारण मी जेवणाच्या टेबलावर बनत होतो. कित्येक महिने ती दोघं सोफ्यावर ताटं घेऊन जेवली. भुसा आमटीत पडतो, असं ती रोज म्हणायची. ते खरंही होतं.

रत्नदीपनं मला हलक्या पांढऱ्या लाकडातून कापलं. सिंगापूरची दमट हवा लाकडाला फुगवते, म्हणून त्यानं डिंक फार कमी वापरला आणि मला लाकडी खुंट्यांवर जोडलं. माझा चेहरा, म्हणजे पायऱ्या, खांब आणि माथा, एका तुकड्यात निघतो. दोन्ही पडव्या निघतात. मागची भिंत कपाटासारखी उघडते. जिन्याची एकेक पायरी त्यानं पॉलिश पेपर घासून मधोमध झिजवली, आणि पायऱ्यांवर ओझी वाहणारी बोटभर उंचीची माणसं उभी केली. त्यांत एक बाई होती, मान किंचित पुढे झुकलेली, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पोतं. तिच्यावर तो सगळ्यात जास्त दिवस बसला. मग त्यानं गावी फोन लावला आणि आईला सांगितलं की तुला मी इटलीच्या राजवाड्यात नेऊन ठेवलंय.

म्हातारी म्हणाली, मग बघायलाच येते. आणि या वयात तिनं पासपोर्ट काढायला घेतला.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग रत्नदीपनं मला मराठी लोकांच्या एका प्रदर्शनात नेलं आणि माझ्या आयुष्यात निशिकांत आला. एका बँकेत वरच्या हुद्द्यावर, नोव्हेनाच्या कॉन्डोत, म्हणजे पहारेकरी असलेल्या महागड्या खासगी इमारतीत राहणारा, आपल्या लोकांच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसणारा. तो माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. "अहो, कमाल आहे तुमची," असं त्यानं रत्नदीपला दोनदा म्हटलं. मग विचारलं, पूर्ण नाव काय म्हणालात? रत्नदीपनं सांगितलं. मग विचारलं, मूळ गाव? तेही सांगितलं. निशिकांत "असं, असं" म्हणाला, आणि पुढच्याच वाक्याला 'अहो'चं 'अरे' झालं. वयानं मोठा माणूस अरे म्हणतो, त्यात काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. मी लाकडाचा आहे, पण तो 'अरे' कुठून आला ते मला कळलं. रत्नदीपलाही कळलं. त्यानं फक्त आपल्या फुटपट्ट्या पिशवीत भरल्या.

त्याच सुमारास यिशुनच्या इमारतीत न्हाणीघरांची तोडफोड निघणार होती. सगळ्या घरांत सिमेंटची धूळ होणार, आणि धूळ माझी शत्रू. निशिकांतला हे कळलं तसं तो म्हणाला, माझ्या हॉलमध्ये कायम एसी असतो, लाकूड नीट राहील. रत्नदीपला त्याचा राग आला होता, पण माझी काळजी रागापेक्षा जास्त होती. तो म्हणाला, "तुमच्याकडे ठेवा." निशिकांतची बायको नंदा तिथेच उभी होती, तिनंही ते ऐकलं. मित्रांनो, हा 'ठेवा' शब्द नीट लक्षात घ्या. मराठीत तो कुणी कुणालाही देतो, आणि ज्याला जसा सोयीचा तसा तो घेतो.

नोव्हेनाला मी निशिकांतच्या हॉलमध्ये एका काचेच्या टेबलावर बसलो, तोंड सोफ्याकडे आणि पाठ भिंतीला. माझ्यावर दिवे सोडले गेले. पाहुणे यायचे, माना डोलवायचे. पहिल्यांदा निशिकांत सांगायचा की ओळखीतल्या एकानं केलंय. काही महिन्यांनी तो म्हणू लागला की मुद्दाम करून घेतलंय. त्यानंतर मी थेट इटलीहून आलो. तोर्साना घराणं कवी होतं आणि मी त्यांचा कविता करायचा बंगला होतो, असंही मी एका रात्रीच्या जेवणात स्वतःच्या कानांनी ऐकलं. मक्याचं नाव नाही, पोत्यांचं नाव नाही. स्तुती कुणाला नको असते? मलाही हवी होती. पण जो माणूस भिंतीला टेकवलेल्या बाजूला एकदाही वाकून बघत नाही, त्याची स्तुती ऐकताना माझ्या खुंट्या कुरकुरायच्या.

एक दिवस त्याला माझ्या आत दिव्यांच्या माळा सोडायची हौस आली. त्यानं मला पुढे ओढलं, मागची भिंत उघडली आणि जिना पाहिला. तिथे ती माणसं उभी होती. त्यानं चुंबळवाली बाई चिमटीत धरून नंदाला दाखवली आणि हसत सुटला. इटलीत चुंबळ, म्हणाला, माणूस गावातून बाहेर पडतो पण गाव माणसातून पडत नाही. नंदाला हसू आलं नाही. निदान डबीत तरी घालून ठेवू, त्याला विचारू तरी, असं ती म्हणाली. "त्याला काय विचारायचं?" निशिकांत म्हणाला. त्यानं सगळी माणसं एका टिश्यू पेपरात गुंडाळली, स्वयंपाकघरात नेली आणि कचरा थेट तळमजल्यावर टाकायच्या नळाचं, म्हणजे शूटचं, झाकण उघडून खाली सोडली. बाविसाव्या मजल्यावरून ती बराच वेळ पडत राहिली असणार. मला काहीच करता आलं नाही. मला हात नाहीत, आणि निशिकांतला ते होते याचा मला तेव्हा फार राग आला.

इकडे यिशुनची न्हाणीघरं कधीच बांधून झाली होती. रत्नदीप मला मागत होता आणि निशिकांत टाळत होता. दिवाळी होऊ दे, म्हणाला. मग मुलगा सुटीला येतोय, म्हणाला. मग फोन उचलेनासा झाला. तोवर कौशाबाईचा पासपोर्ट आला, व्हिसा आला आणि तिकीटही निघालं. ती शेजारणींना सांगत सुटली होती की पोरानं मला महालात ठेवलंय, बघून येते. रत्नदीपला दुसरं काही सुचत नव्हतं. आई विमानातून उतरेल तेव्हा मी घरात असलो पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

शेवटी अंजलीच म्हणाली, मागत काय बसलास, आणायला जाऊ. एका संध्याकाळी तिची ड्यूटी सुटल्यावर दोघं हॉस्पिटलपासून चालत त्या कॉन्डोत आली. निशिकांतनं दार उघडलं, बसा म्हटलं, पण स्वतः उभाच राहिला. रत्नदीपनं येण्याचं कारण सांगितलं.

"अरे, पण तू मला दिलं होतंस ना?" निशिकांत म्हणाला. "ठेवा म्हणालास. नंदा होती तिथे."

"तुमच्याकडे ठेवा, असं म्हणालो होतो."

"तेच ते."

"तुम्ही बँकेत आहात, निशिकांतराव. ठेव कशाला म्हणतात ते मी तुम्हाला सांगायचं का?"

निशिकांतचा चेहरा लाल झाला. रत्नदीपनं त्याच्याकडे बघितलंही नाही. तो माझ्यापाशी आला, मला हळूच पुढे ओढलं आणि मागची भिंत उघडली. जिन्यावर दिव्यांची पिवळी माळ लोंबत होती. बाकी जिना रिकामा होता.

"माणसं कुठे आहेत?" त्यानं विचारलं.

निशिकांत म्हणाला की ती काढून टाकली, त्यांच्यामुळे सगळ्याला गावठी कळा आली होती. इटलीतल्या बाया चुंबळ घेतात असं कुणी सांगितलं तुला, असंही विचारलं. रत्नदीप म्हणाला, ओझं असलं की घेतात. मग पुन्हा तोच प्रश्न, कुठे टाकली. नंदानं मान खाली घातली आणि शूट म्हणाली, इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं.

"त्यात यांची आई होती," अंजली म्हणाली.

निशिकांतच्या तोंडावर क्षणभर काहीतरी येऊन गेलं. त्या क्षणी तो चुकलो म्हणाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मी चेहऱ्यासकट घरी गेलो असतो. पण काही माणसांना शरम वाटली की ती रागावतात.

"मला काय माहीत?" तो म्हणाला. "खाली नाव लिहायचं होतं."

आणि मग त्याला बोलायला जोर आला. शनिवारी बँकेचे मोठे लोक जेवायला यायचे होते, त्यांना मला दाखवायचं कबूल झालं होतं. तेवढं होऊ दे, मग खुशाल ने, म्हणाला. आणि नेताना मागच्या लिफ्टनं ने, पुढच्या लॉबीतून एवढं सामान नेलेलं मॅनेजमेंटला चालत नाही. आता हा नियम खरा होता, त्या इमारतीत मोठ्या सामानाला मागचीच लिफ्ट होती. निशिकांतनं तो बनवला नव्हता. पण ते वाक्य त्यानं ज्या चवीनं म्हटलं, ती चव मॅनेजमेंटची नव्हती.

रत्नदीपनं माझ्या चेहऱ्याला हात घातला आणि खुंट्या एकेक करून उपसल्या. पायऱ्या, सहा खांब, त्रिकोणी माथा आणि घराण्याचं चिन्ह असा सबंध तुकडा त्यानं सोडवला आणि काचेच्या टेबलावर, भिंतीला टेकवून उभा केला.

"तुमच्या पाहुण्यांना एवढंच बघायचंय," तो म्हणाला. "हे ठेवा. हे कायमचं ठेवा."

मित्रांनो, मला काय वाटलं ते विचारू नका. विचारलंच आहे तर सांगतो, मला रत्नदीपचा भयंकर राग आला. आजवर मी ज्या सहा खांबांच्या जोरावर मिजास केली, ते त्यानं दुसऱ्याच्या घरात टाकून दिले, आणि तेही आपला राग काढायला. माणसांच्या भांडणात घराला कुणी विचारत नाही. अंजलीनं दोन्ही पडव्या दोन काखांत मारल्या. रत्नदीपनं उरलेला मी छातीशी धरला. पुढचा तुकडा गेल्यामुळे मी बराच आटोपशीर झालो होतो, पुढच्या लिफ्टमध्ये सहज मावलो आणि पुढच्या लॉबीतून, झुंबराखालून बाहेर पडलो. पहारेकऱ्यानं दार धरलं.

तेव्हापासून मी या बुटांच्या कपाटावर आहे. चेहरा नाही, त्यामुळे समोरून येणाऱ्याला माझं सगळं पोट दिसतं. दालन, खोल्या, रंगवलेली खोटी दारं, वर कोठार आणि अगदी मागे जिना. इथे एसी फक्त झोपायच्या खोलीत आहे. माझ्या डाव्या पडवीला बुरशी धरू लागली आहे आणि अंजली ती पुसताना अजूनही मला बोल लावते. मध्यंतरी नंदाचा मेसेज आला. तो तुकडा नुसता उभा राहत नाही, पंखा लावला की पडतो, त्याला मागून काय लावावं, असं तिनं विचारलं होतं. रत्नदीपनं वाचलं आणि उत्तर दिलं नाही. नंदाचा त्यात फारसा दोष नव्हता. तरीही दिलं नाही.

त्याला सवडही नव्हती. आई यायला थोडेच दिवस उरले होते आणि जिना रिकामा होता. सगळी माणसं पुन्हा करणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं एकटी तीच केली. कामावरून आला की जेवायच्या आधी कोरायला बसायचा. तीच झुकलेली मान, तीच चुंबळ, तेच पोतं. या वेळी डोकं, चुंबळ आणि पोतं त्यानं एकाच तुकड्यातून काढलं, म्हणजे कुणी खेळ म्हणून ओढलं तरी निघणार नाही. मग तिला जिन्याच्या मधल्या पायरीवर घट्ट बसवलं.

कौशाबाई आली. मी तिला पोत्याखालीच पाहिली होती, त्यामुळे मला ती उंच असेल असं वाटलं होतं. ती लहानखुरी होती आणि चांगलीच तिखट. विमानतळावरून येताना एवढ्या उंच इमारतींत एकही माणूस खिडकीत उभा दिसला नाही, याबद्दल तिचं तोंड चालू होतं. आत आल्यावर तिनं भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीला हात जोडले, पाणी प्यायली आणि म्हणाली, दाव तुझा महाल.

रत्नदीपनं तिच्यासाठी स्टूल ठेवलं. ती माझ्यासमोर बसली. त्यानं तिला सगळं दाखवलं, तोर्साना कोण होते, मका कुठे पिकायचा, पोती वर का ठेवायचे. ती हूं हूं करत राहिली. मग त्यानं जिन्याकडे बोट केलं. तिनं चष्मा नीट केला, मान आत घातली आणि खूप वेळ त्या बाईकडे बघितलं.

"ही कोण?"

"तू, आई."

रत्नदीप तिच्या तोंडाकडे बघत होता. एवढ्यासाठी त्यानं मला बनवलं होतं, एवढ्यासाठी तो भांडला होता. अंजली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"का रं," कौशाबाई म्हणाली, "एवढं मोठं घर बांधलंस, अन् मला जिन्यातच ठेवलंस?"

तो म्हणाला, आई, तुझे कष्ट लोकांना कळावेत म्हणून केलं.

"लोकाला कळावं म्हणून मी अजून किती साल चढू?"

ती रागावली होती. लेकाचं प्रेम तिला कळत नव्हतं असं नाही, पण ती खरोखर रागावली होती, आणि तिच्या आवाजात ते लपलं नव्हतं. एवढ्या खोल्या आहेत, म्हणाली, त्यातली एक रिकामी नव्हती का तुला? ते पोतं उतरव आधी.

पोतं उतरत नव्हतं. डोकं आणि ओझं एकाच लाकडाचं होतं. रत्नदीपनं पटाशी लावून बघितली, पण पोतं कापायचं तर डोकं जाणार होतं. त्यानं ती बाई जिन्यातून काढून हातात धरली आणि तसाच बसून राहिला. मला वाटतं त्या दिवशी त्याला कळलं की निशिकांतनं तिला फेकलं होतं हे खरं, पण तिला वर चढवत ठेवणारा निशिकांत नव्हता. हे त्याला कुणी म्हणालं नाही. तो स्वतःच रडायला लागला, तेव्हा म्हातारीनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली की रडू नको, दुसरी कर, मी बसते इथं.

ती समोर स्टुलावर बसली आणि त्यानं तिला बघून नवी बाई कोरली. म्हातारी मधून मधून हुकूम सोडत होती. पाय पसरलेले कर. पदर नीट कर. हात रिकामे ठेव. डोक्यावर काही नको. झाल्यावर तिनं ती स्वतःच्या हातानं उचलली, माझ्या मधल्या दालनात ठेवली, जिथे तोर्साना घराण्याचा कर्ता पाहुण्यांना भेटायचा तिथे, आणि पंख्याचा वारा लागतो का ते बोट घालून बघितलं. पुढे भिंत नसल्यामुळे वारा चांगला लागतो. जिना तसाच रिकामा राहिला.

मित्रांनो, शेवटी काहीतरी चांगलं सांगायची रीत आहे, पण माझ्याकडे गोड शब्द फारसे नाहीत. मला ओल सोसत नाही, तेव्हा ओलं फडकं आणू नका. माझ्या पडव्या ओढू नका. माझा चेहरा कुठे गेला म्हणून विचारू नका. आणि पुसायला याल तेव्हा मधल्या दालनात हात घालताना जपून घाला. तिथे एक बाई पाय पसरून बसली आहे. तिला उठवू नका.